तिकीट सोडवलं की गोष्ट गेली! बेल्जियमच्या रेल्वे पार्सल तिकिटांचा संग्रह नेमका करतात कसा?

मराठीत एक गंमत आहे. पाकिटावर चिकटवतो ते पण तिकीट आणि टीसीला दाखवतो ते पण तिकीट. त्यामुळं कुणी म्हणालं की, "मी रेल्वेची तिकिटं जमवतो", तर आपल्या डोळ्यासमोर पुणे-मुंबई पासापासून ते जुन्या जाड पुठ्ठ्याच्या तिकिटापर्यंत सगळं येतं. पण बेल्जियममध्ये या दोन्हींच्या मधलं एक तिसरंच तिकीट होतं. दिसायला अगदी टपाल तिकिटासारखं. दातेरी कडा, मागे डिंक, मधोमध चित्र. पण ते काढलं रेल्वेनं, आणि ते लागायचं पार्सलला.

1879 मध्ये ही तिकिटं सुरू झाली आणि पुढं शंभर वर्षांहून जास्त काळ निघत राहिली. जगभरात ती जमवणारे लोक आहेत. ऑनलाइन लिलावात शोधलं तर त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे दिसतात. आणि तिथंच खरा लोचा आहे. गठ्ठ्यात आलेलं तिकीट कुठल्या स्टेशनवरून आलं, कुठं गेलं, त्या पार्सलमध्ये काय होतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही. कारण कुणीतरी कधीतरी ते कागदावरून सोडवून घेतलंय.

तर ही तिकिटं काय होती, ती कागदावर का असायची आणि त्यांचा संग्रह लावताना लोक नेमकं काय करतात, हेच आज समजून घेऊ.

पार्सल पोस्टाचं नाही, रेल्वेचं. असं का?

बेल्जियम हा देशच 1830 साली जन्मला. नवीन देश, आजूबाजूला बलाढ्य शेजारी. तिथल्या सरकारनं एक निर्णय पटकन घेतला. 1834 मध्ये कायदा करून रेल्वेचं जाळं सरकारी खर्चानं उभारायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी, 5 मे 1835 ला, ब्रुसेल्स ते मेखेलेन अशी गाडी धावली. युरोपच्या मुख्य भूमीवर वाफेच्या इंजिनानं प्रवासी नेणारी ही पहिली सार्वजनिक रेल्वे मानली जाते. आपल्याकडं बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती 16 एप्रिल 1853 ला, म्हणजे त्यानंतर जवळपास 18 वर्षांनी.

देश छोटा आणि रेल्वे सगळीकडं पोचलेली. त्यात कोळशाच्या खाणी, लोखंडाचे कारखाने, कापड गिरण्या. साहजिकच लोक माल रेल्वेनंच पाठवायचे. पोस्टानं चिठ्ठ्या सांभाळल्या आणि पार्सलचं काम मोठ्या प्रमाणात रेल्वेकडं राहिलं. शेतमाल, कापडाचे तागे, यंत्रांचे सुटे भाग, इतकंच काय, शर्यतीच्या कबुतरांच्या टोपल्यासुद्धा रेल्वेनं जायच्या. बेल्जियमला कबुतरांच्या शर्यतीचं जबरदस्त वेड. कबुतरं गाडीनं लांबच्या गावी न्यायची, तिथं सोडायची आणि घरी कोण आधी पोचतंय ते बघायचं.

आता इतक्या पार्सलांचे पैसे घ्यायचे, त्याचा हिशेब ठेवायचा, म्हणजे काहीतरी पद्धत हवी. टपाल खात्याकडं ती तयार होती. बेल्जियमची पहिली टपाल तिकिटं 1 जुलै 1849 ला आली होती. मग रेल्वेनंही तोच मार्ग धरला आणि 1879 मध्ये स्वतःची तिकिटं काढली. पहिल्या मालिकेत 10 सेंटिमपासून 1 फ्रँकपर्यंतच्या किमती होत्या. 100 सेंटिम म्हणजे 1 फ्रँक.

मग हे तिकीट चिकटवायचे कुठं?

इथं बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. पार्सलचं तिकीट म्हणजे ते पार्सलवर चिकटवत असणार, असं वाटतं. पण या तिकिटाची खरी जागा होती कागदावर.

ज्यांनी रेल्वेनं किंवा ट्रकनं कधी माल पाठवलाय, त्यांना बिल्टी माहीत असेल. माल कुणी दिला, कुणाला द्यायचा, नग किती, वजन किती, भाडं किती, हे सगळं त्या एका कागदावर असतं. बेल्जियममध्ये या कागदाला फ्रेंच बोलणारे 'लेत्र द व्वात्यूर' म्हणतात आणि डच बोलणारे 'व्राख्तब्रीफ'. शब्दशः बघायला गेलं तर पहिलं म्हणजे 'गाडीचं पत्र' आणि दुसरं म्हणजे 'मालाचं पत्र'. आपण सोयीसाठी बिल्टीच म्हणू.

माणूस पार्सल घेऊन स्टेशनवर यायचा. तिथला कर्मचारी वजन करायचा, अंतर बघून भाडं काढायचा आणि तेवढ्या रकमेची तिकिटं बिल्टीवर चिकटवून वर स्टेशनचा शिक्का मारायचा. थोडक्यात काय, तर भाडं भरल्याचा तो पुरावा. ग्राहकाच्या दृष्टीनं त्या तिकिटाचं काम तिथंच संपायचं.

म्हणूनच ही तिकिटं टपाल तिकिटांपेक्षा वेगळी ठरतात. पत्र लोक जपून ठेवतात. आजीनं आजोबांना लिहिलेलं पत्र ट्रंकेत सापडतं. पण 22 किलोच्या बोचक्याची बिल्टी कोण जपणार? तिचा उपयोग होता हिशेबापुरता. मुदत संपली की ती रद्दी. त्यामुळं या विषयात वापरलेली सुटी तिकिटं ढिगानं मिळतात, पण तिकिटांसकट अख्खी बिल्टी हाती लागली की जमवणारे खूश होतात.

तिकिटांवर काय काय दिसतं?

जुन्या मालिका बघितल्या तर एक चिन्ह सारखं भेटतं. पंख असलेलं चाक. वेगाची ही खूण तेव्हा अनेक देशांच्या रेल्वे वापरायच्या. नंतरच्या तिकिटांवर अंडाकृतीत बसवलेलं 'बी' अक्षर दिसतं. हे बोधचिन्ह 1936 मध्ये हेन्री व्हान द व्हेल्डे या नामवंत बेल्जियन कलावंतानं तयार केलं, आणि ते आजही बेल्जियन रेल्वेची ओळख आहे. म्हणजे नुसतं चिन्ह बघूनसुद्धा काळाचा ढोबळ अंदाज बांधता येतो.

बाकी चित्रांमध्ये रेल्वेनं स्वतःचीच गोष्ट सांगितली आहे. 1935 मध्ये रेल्वेला शंभर वर्षं झाली, तेव्हा जुनी गाडी आणि तेव्हाची नवी गाडी अशी दोन्ही चित्रं तिकिटांवर आली. 1949 पासून इंजिनांची मालिका निघाली. तिच्यात 'ल बेल्ज' आहे. सेराँ गावच्या कॉकेरिल कारखान्यात 1835 मध्ये तयार झालेलं, बेल्जियममध्येच बनवलेलं हे पहिलं रेल्वे इंजिन.

मग 1953 पासून स्टेशनं आली. त्यामागं कारण होतं. ब्रुसेल्सच्या उत्तर आणि दक्षिण स्टेशनांच्या मध्ये शहर होतं. ही दोन टोकं जमिनीखालून जोडायचं काम कित्येक वर्षं रखडलं आणि शेवटी 4 ऑक्टोबर 1952 ला हा जोडमार्ग सुरू झाला. मधल्या सेंट्रल स्टेशनचा आराखडा व्हिक्टर ओर्ता या प्रसिद्ध वास्तुरचनाकाराचा. नव्या इमारतींचं कौतुक मग पार्सलच्या तिकिटांवर उतरलं.

किमतींकडं पण बघा. पहिल्या मालिकेतलं सगळ्यात महाग तिकीट 1 फ्रँकचं होतं. 1935 च्या मालिकेत ते 100 फ्रँकचं झालं. मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं होतं आणि फ्रँक घसरला होता. महागाईचा धडा असा तिकिटाच्या कोपऱ्यातल्या आकड्यात सापडतो.

नंबरांची भाषा आधी शिकून घ्या

संग्रह लावायचा म्हटलं की पहिलं काम म्हणजे प्रत्येक तिकिटाची ओळख पटवणं. त्यासाठी कॅटलॉग असतात. अडचण एवढीच की प्रत्येक कॅटलॉग आपापला नंबर देतो.

बेल्जियमच्या अधिकृत कॅटलॉगमध्ये रेल्वेच्या तिकिटांना 'टीआर' या अक्षरांनी सुरू होणारे नंबर आहेत. अमेरिकेतला स्कॉट कॅटलॉग याच तिकिटांना 'क्यू' अक्षर लावतो. त्यामुळं विकणारा एका कॅटलॉगचा नंबर सांगतो, तुम्ही दुसऱ्यात बघता आणि भलतंच तिकीट घरी येतं. नवीन माणसाला मिळणारा सल्ला सरळ आहे. एक कॅटलॉग निवडा, सगळ्या नोंदी त्याच नंबरनं करा आणि दुसऱ्याचा नंबर शेजारच्या रकान्यात ठेवा.

दुसरा घोळ होतो पोस्टाच्या पार्सल तिकिटांचा. 1928 पासून काही वर्षं पोस्टाच्या पार्सलांसाठी पण वेगळी तिकिटं निघाली. त्यांच्यावर 'कोली पोस्टाल' आणि 'पोस्टकोलो' असं लिहिलेलं असतं आणि ब्रुसेल्सच्या मुख्य पोस्टाची इमारत दिसते. बेल्जियन कॅटलॉग त्यांना 'सीपी' म्हणून वेगळं ठेवतो. ही रेल्वेच्या ढिगात घालायची नाहीत.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे वरून छापलेली तिकिटं. दर बदलले आणि जुना साठा शिल्लक असला की त्याच तिकिटावर नवी किंमत छापायची, ही जुनी पद्धत. जमवणारे याला ओव्हरप्रिंट म्हणतात. अशी तिकिटं तपासताना भिंग लागतंच, कारण साध्या तिकिटावर खोटी छपाई करून ते महाग विकणारे लोक सगळीकडं असतात. मोठी रक्कम मोजायची असेल तर जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पाण्यात टाकण्याआधी थांबा

तिकीट जमवणाऱ्या प्रत्येकानं लहानपणी हे केलेलं असतं. पाकिटाचा कोपरा कापायचा, वाटीभर पाण्यात टाकायचा, तिकीट सुटलं की वहीत दाबून वाळवायचं. टपालाच्या साध्या तिकिटांचं यानं फार काही बिघडत नाही.

पण बिल्टीचं तसं नाही. बिल्टीवरून तिकीट सोडवलं की तुमच्याकडं उरतं एक छोटं चित्र आणि अर्धवट शिक्का. गेलं काय, तर निघालेलं स्टेशन, पोचायचं स्टेशन, पाठवणारा, घेणारा, मालाचं नाव, वजन, भाडं आणि तारीख. एवढी माहिती एका झटक्यात पाण्यात. ती परत आणायचा कुठलाच मार्ग नाही.

आणि हे नुकसान कुणी वाईट हेतूनं केलेलं नाही. तिकिटावर प्रेम असलेल्या लोकांनीच केलंय. अल्बममध्ये चौकोन छापलेले असतात, त्या चौकोनात तिकीट बसतं, बिल्टी बसत नाही. म्हणून बिल्टी गेली.

आज अनुभवी संग्राहक याच्या उलट वागतात. सुटी तिकिटं मालिका पूर्ण करायला वापरायची आणि अख्खा कागद मिळाला तर त्याला हात लावायचा नाही. फाटका असला तरी, डाग असला तरी.

एक बिल्टी वाचायची कशी?

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे काल्पनिक आहेत, फक्त पद्धत समजण्यासाठी.

समजा, एक बिल्टी आहे कोर्ट्राइक ते लिएज. तारीख 14 मार्च 1938. मालाच्या जागी लिननचं कापड, एक नग, वजन 22 किलो. भाड्याच्या रकान्यात हातानं लिहिलंय 11.50 फ्रँक. खाली तिकिटं आहेत 10 फ्रँकचं एक, 1 फ्रँकचं एक आणि 50 सेंटिमचं एक.

पहिली तपासणी म्हणजे बेरीज. 10 अधिक 1 अधिक 0.50 म्हणजे 11.50. लिहिलेलं भाडं आणि तिकिटांची बेरीज जुळली. समजा 50 सेंटिमचं तिकीट नसतं, तर बेरीज 11 झाली असती. मग एक तर तिकीट गळून पडलंय किंवा कुणीतरी काढून घेतलंय. आणि बेरीज जास्त आली तर सावध व्हायचं, कारण किंमत वाढवायला मागाहून एखादं तिकीट चिकटवलेलं असू शकतं.

दुसरी तपासणी शिक्क्याची. शिक्का तिकिटावरून कागदावर सलग उतरलाय का? उतरला असेल तर तिकीट मूळचं. शिक्क्याची रेघ तिकिटाच्या कडेला येऊन तुटत असेल तर संशयाला जागा आहे.

तिसरी तपासणी मालाची. कोर्ट्राइकचा परिसर जवसाच्या झाडापासून निघणाऱ्या तागासाठी आणि त्यापासून बनणाऱ्या लिनन कापडासाठी प्रसिद्ध होता. त्यामुळं तिथून लिनन जाणं पटतं. अशा दहा बिल्ट्या एकत्र आल्या की त्या गावाचा व्यापार कुठल्या दिशेनं होता ते दिसायला लागतं. शंभर आल्या की तो छोटासा इतिहास होतो.

आणि हो, कागदाची मागची बाजू बघायला विसरू नका. पोचल्याचा शिक्का आणि घेणाऱ्याची सही अशा नोंदी मागं पण सापडतात.

मांडणीच्या तीन पद्धती

आता मुख्य प्रश्न. घरात तिकिटांचं पाकीट आणि कागदांचा गठ्ठा आला. लावायचं कसं?

पहिली पद्धत मालिकेप्रमाणं. 1879 पासून सुरुवात करायची आणि कॅटलॉगच्या नंबरांनुसार पुढं जायचं. सुट्या तिकिटांसाठी हीच सोपी. काय आहे आणि काय नाही, हे लगेच कळतं.

दुसरी पद्धत स्टेशनाप्रमाणं. तिकीट कुठलंही असो, त्यावरचा शिक्का महत्त्वाचा. बरेच जण एकाच प्रांताची किंवा एकाच रेल्वेमार्गाची स्टेशनं जमवतात. यातली काही छोटी स्टेशनं केव्हाच बंद पडली. गावात आता रूळ पण नाहीत, पण शिक्क्यात स्टेशनाचं नाव आहे. अशा ठिकाणी स्वस्तातलं तिकीट पण शिक्क्यामुळं हवंहवंसं होतं.

तिसरी पद्धत वापराप्रमाणं. म्हणजे माल कसला, वजन किती, दर कुठला, काळ युद्धाचा की शांततेचा. यासाठी अख्खी बिल्टी लागतेच. ही सगळ्यात अवघड, पण वाचणाऱ्याला सगळ्यात जास्त सांगणारी.

बहुतेक लोक तिन्हींची सांगड घालतात. तिकिटं अल्बममध्ये मालिकेनं, कागद फाईलमध्ये तारखेनं आणि दोन्हींची नोंद एका एक्सेल शीटमध्ये. शीटमध्ये रकाने साधारण असे असतात : स्वतःचा अनुक्रमांक, तारीख, निघालेलं स्टेशन, पोचायचं स्टेशन, माल, वजन, लिहिलेलं भाडं, तिकिटांचे नंबर, तिकिटांची बेरीज, शिक्क्याचा आकार, कागदाची अवस्था, कधी आणि कितीला घेतलं. शेवटी कागदाच्या दोन्ही बाजूंच्या फोटोचं नाव.

अनुक्रमांक कागदावर लिहायचा नाही. तो पाकिटावर लिहायचा.

एकच गाव, दोन नावं

स्टेशनाप्रमाणं लावायला बसलं की बेल्जियम डोकं फिरवतो. उत्तरेत डच बोलतात, दक्षिणेत फ्रेंच आणि ब्रुसेल्समध्ये दोन्ही. त्यामुळं गावांना दोन-दोन नावं. फ्रेंचमधलं लिएज डचमध्ये लाउक होतं. मोन्सचं बेर्खेन होतं, तूर्नेचं डोर्निक आणि नामूरचं नामेन. उलट बाजूनं मेखेलेनला फ्रेंच लोक मालीन म्हणतात, कोर्ट्राइकला कूर्त्रे. माहीत नसलं तर एकाच गावाची दोन पानं तयार होतात आणि वर्षभर लक्षात पण येत नाही.

यावर उपाय म्हणजे एक नाव मुख्य धरायचं, दुसरं शेजारच्या रकान्यात. पण शिक्क्यावर जे आहे ते तिसऱ्या रकान्यात जसंच्या तसं उतरवायचं. कारण ती भाषा पण पुरावाच आहे. 1898 च्या कायद्यानं डच भाषेला फ्रेंचच्या बरोबरीचं स्थान मिळालं. 1932 च्या भाषा कायद्यांनी सरकारी कारभारात उत्तरेला डच आणि दक्षिणेला फ्रेंच पक्की केली. रेल्वेच्या तिकिटांवर 'शमँ द फेर' आणि 'स्पोर्वेखेन' हे दोन्ही शब्द शेजारी दिसतात, दोन्हींचा अर्थ रेल्वे. भाषेवरून झालेल्या मोठ्या भांडणाची ही छोटी खूण.

पूर्वेला अजून एक पेच आहे. ओयपेन आणि मालमेडीचा भाग पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडून बेल्जियमला मिळाला. म्हणजे तिथल्या स्टेशनांचे जुने कागद दुसऱ्याच देशाच्या रेल्वेचे.

तारीख का जपायची?

1942 ची एक मालिका आहे. तिच्यावर रुळाचं काम करणारा कामगार आहे, इंजिन चालवणारा ड्रायव्हर आहे, मालधक्क्याच्या आतलं दृश्य आहे. कष्टाचा गौरव करणारी ही चित्रं. तेव्हा बेल्जियम जर्मनीच्या ताब्यात होता.

त्याच वर्षी 4 ऑगस्टला मेखेलेनच्या दोसिन बराकीतून पहिली गाडी आउशवित्झकडं निघाली. हेच ते मेखेलेन, जिथं 1835 ची पहिली गाडी पोचली होती. 1944 पर्यंत अशा 28 गाड्या निघाल्या आणि पंचवीस हजारांहून जास्त ज्यू आणि रोमा माणसांना घेऊन गेल्या. जिवंत परत आले ते शंभरात जेमतेम पाच.

त्या माणसांच्या बिल्ट्या नव्हत्या आणि पार्सलच्या तिकिटांशी त्या गाड्यांचा हिशेब जोडलेला नाही. पण त्याच काळात, त्याच रुळांवरून साधी पार्सलं पण जात होती. कुणी कुणाला काय पाठवत होतं, टंचाईत कुठला माल हलत होता, हे त्या दिवसांच्या बिल्ट्यांवर आहे. तारीख आणि स्टेशन शाबूत असेल तर तो कागद त्या काळाचा साक्षीदार. सोडवलेलं तिकीट मात्र फक्त इंजिनवाल्याचं देखणं चित्र.

कागद टिकवायचा कसा?

यातलं बरंचसं आपल्या घरातल्या जुन्या कागदांना पण लागू पडतं.

सगळ्यात आधी गंजक्या टाचण्या आणि स्टेपलच्या पिना हळूच काढा. गंज कागद खातो. सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. ते परत निघत नाही. स्वस्तातली पीव्हीसीची मऊ प्लास्टिक पाकिटं टाळा, ती काही वर्षांनी कागदाला चिकटतात. पॉलिस्टरची पाकिटं आणि आम्लविरहित कागद मिळतो, तो वापरा.

घडी घातलेली बिल्टी असेल तर उलगडून सपाट ठेवा, कारण घडीवरच कागद आधी फाटतो. ऊन आणि ओल दोन्ही वाईट. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि मधून मधून उघडून बघा. तिकीट चिमट्यानंच धरा, बोटांना घाम असतो.

फोटो काढताना दोन्ही बाजू घ्या आणि शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे आकार कळतो. इन्स्टाग्रामवर टाकायचा असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. अलीकडच्या दशकांतल्या कागदांवर खऱ्या माणसांची नावं आणि पत्ते असतात. ते झाकूनच टाका.

सुरुवात करायची असेल तर?

वापरलेली साधी तिकिटं मुबलक असल्यानं सुरुवातीला मोठा खर्च येत नाही. जाणकार सांगतात की आधी एक छोटा विषय धरा. एखादं शहर, एखादं दशक किंवा एखादी मालिका. सगळं बेल्जियम जमवायला गेलं की कपाट भरतं आणि हाती काही लागत नाही. कधी ब्रुसेल्सला जाणं झालंच, तर स्खारबेक स्टेशनात 2015 मध्ये उघडलेलं 'ट्रेन वर्ल्ड' संग्रहालय बघा. तिकिटांवर दिसणारी रेल्वे तिथं खरी उभी आहे.

बेल्जियन रेल्वेचा पार्सलचा धंदा पुढं 'एबीएक्स' या नावानं चालला आणि 2006 मध्ये ती कंपनी खासगी गुंतवणूकदारांना विकली गेली. आता पार्सल पाठवलं की मोबाईलवर ट्रॅकिंग नंबर येतो. पार्सल पोचलं की तो मेसेज आपण डिलीट करतो. शंभर वर्षांपूर्वीचा स्टेशनवरचा कर्मचारी पण तेच करत होता, त्याच्या दृष्टीनं बिल्टी म्हणजे संपलेलं काम. तरी काही कागद उरले, कारण कुणीतरी ते रद्दीतून बाजूला काढले आणि तिकिटासकट तसेच ठेवले.

त्यामुळं घर आवरताना जुन्या फाईलमध्ये एखादी पिवळी पडलेली बिल्टी सापडली, बेल्जियमची नसली, अगदी तुमच्या पणजोबांनी पाठवलेल्या आंब्याच्या पेट्यांची असली, तरी फाडू नका. आधी तारीख वाचा. मग कुठून कुठं गेली ते वाचा. आणि मग तिला एक पाकीट द्या.